पिकअपच्या डोक्यावर तवा

…आणि रेडिओच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलंय काय, तर 'वीस मिनिटांत स्वतः बसवा!' वीस मिनिटं! तुम्हाला सांगतो, वीस मिनिटं मला नुसतं ते खोकं उघडायला लागली. ते प्लास्टिकचं वेष्टण असतं ना, ते उघडायला कात्री लागते, आणि आमच्या घरातली एकुलती एक नवी कात्री तसल्याच वेष्टणात, न उघडलेली! शेवटी आर्डिसनं, म्हणजे माझ्या बायकोनं, कोंबडी कापायची कात्री आणली आणि म्हणाली, "व्हर्लिन, बोटं जपून. पुढं लागणार आहेत." त्या बाईला पुढचं कसं कळतं देव जाणे. बोटांचंच रामायण झालं पुढे. सांगतो, सगळं सांगतो.

माझी तक्रार नाही हं. मी तक्रार करणारा माणूसच नाही. जिल्हा कचेरीत चौतीस वर्षं खिडकीमागे बसून इतरांच्या तक्रारी ऐकल्यात, त्यामुळे स्वतःची करायची राहून गेली ती गेलीच. पण वीस मिनिटं?

आता तुम्ही म्हणाल, या वयात पिकअपमध्ये सॅटेलाइट रेडिओ कशाला हवा? रास्त प्रश्न. मीही हाच विचारला होता. नऊ वर्षांपूर्वी! लेखी! त्याचं असं झालं, की ही पिकअप मूळची कचेरीच्या तणनिर्मूलन खात्याची. मागच्या शरदात लिलावात काढली ती मी घेतली. आणि नऊ वर्षांपूर्वी तिच्या खरेदीचा अर्ज आला होता कुणाच्या टेबलावर? माझ्या! त्यात एक ओळ होती: 'सॅटेलाइट रेडिओ'. मी लाल शाईनं ती खोडली आणि समासात लिहिलं, 'तण मारण्यास रेडिओची आवश्यकता दिसून येत नाही.' काय टुमदार वाक्य! मी त्यावर आठवडाभर खूश होतो. त्याच झटक्यात विजेच्या काचा खोडल्या, जमिनीवरचा गालिचा खोडला, रेडिओला बाहेरची वायर जोडायचं ते भोकसुद्धा खोडलं. आणि आज त्याच गाडीत बसून हातानं काच फिरवतोय. माणसानं लाल शाई वापरताना एवढं लक्षात ठेवावं, की पुढेमागे त्याच खुर्चीवर आपल्यालाच बसायचंय!

तर रेडिओ कशासाठी? सेल्मरसाठी. सेल्मर म्हणजे आर्डिसचा थोरला भाऊ, माझा मेहुणा. शहाऐंशी वर्षांचा, गव्हाचा शेतकरी, आणि गेल्या दोन वर्षांत दोन्ही डोळे गेले. शेत पुतण्याकडे, सेल्मर वृद्धाश्रमात. या माणसानं साठ वर्षं बेसबॉल ऐकला तो पिकअपमध्ये. घरात नाही, अंगणात नाही, पिकअपमध्येच! शेताच्या बांधावर गाडी लावायची, टोपी मागे सारायची, सूर्यफुलाच्या बिया चघळायच्या आणि आपला संघ हरताना ऐकायचा. मी त्याच्या शेजारी पन्नास वर्षं बसलोय. पन्नास वर्षांत त्यानं माझ्याशी जे काही बोलणं केलंय, ते दोन डावांच्या मधल्या वेळात.

आणि यंदा काय झालं, तर आमच्या गावच्या रेडिओ केंद्रानं सामने बंद केले. आता सकाळी डुकरांचे भाव, दुपारी कोण वारलं त्याची यादी, आणि बाकी दिवसभर भजनं. मी म्हटलं, "सेल्मर, वृद्धाश्रमात टीव्ही आहे की एवढा मोठा." तर म्हणाला, "टीव्हीवरचे ते लोक गप्प बसतात रे! त्यांना वाटतं, दिसतंय ना ज्याचं त्याला." मोबाइल म्हणाल, तर आमच्याकडे मोबाइलला रेंज येते ती एका चर्चमागच्या टेकडीवर, तीसुद्धा वारा नसेल तर. आणि मग सेल्मर खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "रेडिओवर मला चेंडू कधीच दिसला नव्हता, व्हर्लिन. त्यामुळे रेडिओवर माझं काही गेलेलं नाही."

आता यावर माणूस काय बोलणार? मी बोललो. नको ते बोललो. म्हणालो, "शनिवारी मोसमातला पहिला सामना आहे. तो तू माझ्या पिकअपमध्ये ऐकशील." सेल्मर हसला. तो कसा हसतो सांगू? कफ झालेल्या बैलासारखा. म्हणाला, "कारकुना! तुझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर म्हणजे माकडाच्या हाती कोलीत! तू गाडी तेवढी पेटवू नकोस म्हणजे झालं." पण तुम्हाला सांगतो, मी निघाल्यावर त्यानं तिथल्या परिचारिकेला, जोलीनला, कपाटातून आपली सामन्याची टोपी काढून पलंगाच्या खुंटीला लावायला सांगितली. जोलीननं मला दारात गाठून सांगितलं ते. आता आली का पंचाईत? टोपी खुंटीला लागली! ती परत कपाटात जाऊ द्यायची नव्हती मला.

मंगळवारी साठ मैलांवर जाऊन खोकं आणलं. दुकानदार म्हणाला, "काही नाही हो काका, अँटेनाच्या बुडाला चुंबक आहे, गाडीच्या टपावर ठेवायचं, खट्ट! वीस मिनिटांचं काम!" बुधवारी सकाळी मी अँटेना टपावर ठेवला. खट्ट नाही, काही नाही, तो आपला सावकाश, अगदी सभ्यपणे, काचेवरून घसरत खाली आला. पुन्हा ठेवला. पुन्हा घसरला. मी घरात जाऊन फ्रिजला लावला, तर असा चिकटला की ओढून काढताना फ्रिजचं दार उघडलं! बाहेर येऊन टपावर ठेवला… घसरला. मला वाटलं चुंबक थंडीनं बावचळलं असेल. एप्रिल होता, चरांमध्ये अजून बर्फ होतं. म्हणून त्याला काखेत धरून ऊब दिली. हसू नका! तुम्ही काय केलं असतं?

गेलो तसाच धान्याच्या कोठारावर. तिथं सकाळी कॉफीला जी मंडळी बसतात त्यांना जगातलं सगळं कळतं, फक्त त्यांना कुणी विचारत नाही. त्यांचा म्होरक्या मायरन. मायरननं अँटेना हातात घेतला, टपावर ठेवला, घसरताना शांतपणे पाहिला आणि म्हणाला, "हं." आमच्याकडे 'हं' म्हणजे निम्मं व्याख्यान झालं. मग म्हणाला, "व्हर्लिन, ही गाडी ॲल्युमिनियमची आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे चुंबक चिकटणार नाही."

"मुळीच?"

"तू किती वेळ काखेत धरलास?"

म्हणजे बातमी माझ्या आधी पोचली होती! तेवढ्यात बाकीचे चौघे कप घेऊन बाहेर आले, आणि प्रत्येकानं आपापल्या गाडीतून एकेक चुंबक आणून माझ्या टपावर ठेवून पाहिलं. विश्वास हा प्रकार आमच्यात नाहीच. एकानं अंत्यविधी करणाऱ्या दुकानानं फुकट वाटलेलं चुंबक आणलं, त्या दुकानदाराचा हसरा फोटो असलेलं, आणि तो हसरा माणूस माझ्या काचेवरून पाच वेळा हळूहळू खाली घसरला. शकुन म्हणून हे कसलं दृश्य!

मायरन म्हणाला, "टपावर लोखंडाचं काहीतरी डकवावं लागेल." दुसरा म्हणाला, "एखादी पट्टी विकत…" आणि जीभ चावून थांबला. विकत! आमच्या गावात लोखंड विकत घेणारा माणूस म्हणजे पाणी विकत घेणारा बेडूक. प्रत्येकाच्या गोठ्यामागे तीन पिढ्यांचं लोखंड पडलेलं असतं. मायरन गेला आणि गोठ्यामागून तव्याच्या कुळवाचा एक जुना तवा घेऊन आला. कुळवाचा तवा पाहिलाय ना? ट्रॅक्टरमागे ढेकळं फोडतो तो, हातभर रुंद, खोलगट, धारेला झिजलेला, गंजून शेंदरी झालेला. टपावर उपडा ठेवला, खाली डिंकासारखं काळं रसायन थापलं, वर मिठाची दोन पोती दाबून ठेवली आणि मायरन म्हणाला, "चोवीस तास सुकू दे."

चोवीस तास! खोक्यावर काय लिहिलंय? वीस मिनिटं!

मी पोत्यांसकट गाडी घरी आणली, पायी चालल्याच्या वेगानं. आर्डिस दारात उभी. तिनं पिकअपकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पिकअपकडे. म्हणाली, "निराळंच दिसतंय." आता हे तुम्हाला कळणार नाही. आमच्याकडे बायको 'निराळंच दिसतंय' म्हणाली की समजायचं, याहून भयंकर गोष्ट तिनं जन्मात पाहिलेली नाही.

गुरुवारी पोती काढली. अँटेना तव्यावर ठेवला. खट्ट! काय गोड आवाज! मी तीनदा काढून लावला, नुसता ऐकायला. पण एवढ्यानं तो रेडिओ बोलतो होय? कंपनीला फोन करून सांगावं लागतं, बाई गं, आता आमच्याकडे आवाज सोड. फोन स्वयंपाकघरात, भिंतीवर, वायरचा. गाडी अंगणात. मग आर्डिस फोनवर, खिडकी उघडी, आणि मी थंडीत गाडीत बसलेलो. कंपनीची बाई आर्डिसला सांगणार, आर्डिस मला ओरडून सांगणार.

"व्हर्लिन, ती विचारतेय, आकाश दिसतंय का?"

आता मी सबंध आयुष्य नॉर्थ डकोटात काढलंय. इथं आकाशाशिवाय दुसरं काय दिसतं? मी म्हटलं, "सांग तिला, आकाशच आहे. त्याखाली थोडी जागा आहे, तिथं आम्ही राहतो."

"ती विचारतेय, दक्षिणेला काही आडवं येतंय का?"

"दक्षिणेला साउथ डकोटा आहे म्हणावं. त्याची आजवर कुणाला अडचण झालेली नाही."

मग ती बाई म्हणाली, पंधरा मिनिटं थांबा, संकेत येईल. पंधरा मिनिटांत संकेत आला, यंत्रावर दिवा लागला, मी आनंदानं भोंगा वाजवला, आत पाहतो तर आर्डिस अजून फोनवर! त्या बाईच्या आईचा गुडघा, आमच्याकडचं वारं, रेवाचिनीचा मुरंबा… फोन ठेवायचा म्हणजे आमच्याकडे पद्धत असते हो, आधी 'बरं तर' म्हणायचं, मग नवा विषय काढायचा, असं निदान चारदा. मी म्हटलं, "आर्डिस, कंपनीची बाई आहे ती!" तर खिडकीतून म्हणते, "ती एकटी असते रे तिथे."

राहता राहिलं ते भोक, बाहेरची वायर जोडायचं. जे मी खोडलं होतं. त्याला तोड अशी, की हे यंत्र स्वतःच एक इवलंसं रेडिओ केंद्र बनतं, एफएमवर मोकळी जागा बघून तिथं बोलायला लागतं, आणि गाडीतला रेडिओ तिथं लावायचा. मोकळी जागा! आमच्याकडे पट्टीवर डावीकडचं भजनाचं एक केंद्र सोडलं तर सगळीच मोकळी. मी भजनाच्या जरा अलीकडे लावला. याचं पुढे काय झालं ते ऐकाच.

शुक्रवारी म्हटलं, एक फेरी मारून पाहावं. आणि इथे माझी चूक झाली. कबूल करतो. आमच्याकडे रस्त्यावर समोरून गाडी आली, की स्टिअरिंगवरचा हात तसाच ठेवून पहिलं बोट वर करायचं. बस, एक बोट. ओळख असो, नसो. सेल्मरचा आणि त्याच्या शेजाऱ्याचा चरावरून अकरा वर्षं दावा चालला, दोघे चर्चमध्येसुद्धा बोलत नव्हते, पण रस्त्यात बोट? वर! एकदाही चुकलं नाही. आणि मी त्या दिवशी दोन्ही हातांनी यंत्राशी झटत होतो हो! शेकडो वाहिन्या! एकीवर तीन माणसं पैशावरून ओरडतायत, एकीवर चोवीस तास एकाच दिवंगत गायकाची गाणी, एकीवर ट्रकवाल्यांना पाठदुखीवर सल्ला, आणि बेसबॉल कुठे, बेसबॉल कुठे… स्टिअरिंग गुडघ्यांत. समोरून मायरन गेला. बोट नाही. पाठोपाठ पाद्रीणबाई गेल्या. बोट नाही! वर डोक्यावर तवा.

दुपारी चारला पहिलं हॉटडिश आलं. पाद्रीणबाई स्वतः, हातात भांडं, वर टॉवेल गुंडाळलेला. खिमा, बटाटा, वर चीज, सगळं एकाच भांड्यात भाजलेलं. "काही नाही, जरा जास्त झालं होतं, म्हटलं आणावं." आणि माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिल्या. पाचला दुसरं आलं. साडेपाचला मायरनच्या बायकोनं तिसरं आणलं, आणि जाताना आर्डिसचा खांदा थोपटला. आमच्याकडे थेट विचारायची पद्धत नाही. भांडं आणायची पद्धत आहे. आर्डिसनं तिन्ही भांडी ओळीनं टेबलावर मांडली, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "व्हर्लिन, आज तू कुणाला बोट वर केलं नाहीस का?"

"का गं?"

"तुला अर्धांगवायू झालाय."

गावानं ठरवलं होतं! हात उठत नाही, मान वळत नाही, आणि पिकअपवर तवा लावून फिरतो, म्हणजे डोक्यावरही परिणाम झालेला दिसतो. मी हसलो. पोट धरून हसलो. तीन रात्रींच्या जेवणाची सोय झाली, का नाही हसायचं? हसू थांबलं ते शनिवारी.

शनिवारी बारा वाजता वृद्धाश्रमात गेलो. सेल्मर पलंगावर बसलेला, पायात सपाता, आणि खुंटी रिकामी. टोपी नाही!

"कोण आहे?"

"मी. व्हर्लिन."

"कोण घेऊन आलं तुला?"

"मीच आलो. पिकअपनं."

"खोटं बोलू नकोस. मला सगळं कळलंय. मी जोलीनला टोपी परत आत ठेवायला सांगितली." मग म्हणाला, "सामन्याचं काही नाही रे. सामने काय, दरवर्षी हरतातच. पण शेजारी कोण बसणार, याचा विचार करत होतो."

पन्नास वर्षांत, तुम्हाला सांगतो, दोन डावांच्या मधेसुद्धा हा माणूस असं कधी बोलला नव्हता! मी म्हटलं, "सेल्मर, मी धडधाकट आहे. वाहिनी शोधत होतो."

"हात दे." दिला. त्यानं माझी बोटं एकेक करून चाचपली, बाजारात मक्याची कणसं चाचपावीत तशी. "वर कर." केलं. "हे नाही, पहिलं." केलं. "पुन्हा." पुन्हा केलं. बराच वेळ ते बोट त्यानं मुठीत धरून ठेवलं. मग सोडलं आणि गर्जला, "जोलीन! माझी टोपी कुठाय? आणि या कारकुनाला कुणीतरी गाडी चालवायला शिकवा!"

जोलीन म्हणाली, थंडी आहे, लांब न्यायचं नाही, इमारतीच्या पूर्वेला भिंतीशी गाडी लावा, मला खिडकीतून दिसले पाहिजेत दोघे. ठीक. इंजिन चालू, हीटर चालू, बिया, टोपी. सेल्मरनं बसण्याआधी टपावर हात फिरवला, तवा हाताला लागला, वाजवून पाहिला. "कुळवाचा?" "हो." "वीस इंची?" "मायरनचा." "हं," म्हणाला. एवढी मोठी शाबासकी मला निवृत्तीच्या समारंभातही मिळाली नव्हती. एक वाजून दहा मिनिटांनी सामना सुरू झाला, काय तो आवाज, काचेसारखा स्वच्छ! सेल्मरनं टोपी मागे सारली आणि पहिल्याच डावात आपले दोन गडी गेले, तेव्हा सुखानं सुस्कारा सोडला. "तेच बघ. काही बदललेलं नाही."

चौथ्या डावात वरची खिडकी धाडकन उघडली. बोर्गहिल्डबाई, ब्याण्णव वर्षांच्या, एके काळी शाळेत मास्तरीण. मलाही शिकवलंय त्यांनी. "व्हर्लिन टोलेफसन! तुझा चेंडू माझ्या भजनात शिरलाय!"

मी हादरलो. ते इवलं केंद्र भिंतीतून आत पोचत होतं, भजनाच्या अगदी दारात! कायद्यात बसतं की नाही, ते मी विचारलं नाही. चौतीस वर्षं लोकांना नियम विचारून झाल्यावर माणसाला थोडी विश्रांती नको? मी म्हटलं, "माफ करा बाई, लगेच बंद करतो."

"बंद केलंस तर याद राख! मधे खरखर आली, तिसऱ्या गड्याचं काय झालं तेवढं सांग!"

झालं! बाई खोलीतून बाहेर पडल्या त्या चाकांच्या खुर्चीवरून सबंध व्हरांड्यात दवंडी पिटत. पाचव्या डावात तीन खिडक्या, सहाव्यात नऊ. ज्याच्याकडे उशाशी रेडिओ होता त्यानं लावला, नव्हता तो शेजाऱ्याच्या खोलीत जाऊन बसला. आठव्या डावात आपल्या गड्यानं चेंडू थेट कुंपणापार टोलावला, आणि त्या भिंतीतून असा ओरडा उठला की जोलीन धावत आली, तिला वाटलं कुणी पडलं. सेल्मर इकडे गाडीत कफ झालेल्या बैलासारखा हसतोय, डोळ्यांतून पाणी, तोंडातून बिया!

हरलो. अर्थातच हरलो. एका धावेनं. पण मी सेल्मरला खोलीत सोडून गाडी मागे घेतली, वर पाहिलं, तर पूर्वेच्या सगळ्या खिडक्यांत म्हातारी तोंडं, आणि प्रत्येक खिडकीत एकेक बोट वर. सेल्मरसुद्धा! त्याला दिसत नव्हतं मी कुठे आहे, बोट जरा शेजारच्या हॉस्पिटलच्या दिशेनं होतं, पण वर होतं. मी दोन्ही हातांची बोटं वर केली. आता कुणी म्हणू दे मला अर्धांगवायू!

सुखान्त झाला ना? तिथेच थांबायला हवं होतं. सोमवारी गेलो, तर सूचनाफलकावर 'बिंगो' आणि 'पायाची नखं काढणे' यांच्या मधोमध जोलीननं टाइप करून लावलंय: 'बेसबॉल. व्हर्लिन, पिकअप, पूर्वेची भिंत.' खाली सामन्यांच्या तारखा. किती माहितीय? एकशे बासष्ट! एकेक सामना तीन तासांचा! मी सेल्मरला म्हटलं, "बाबा रे, हे यंत्रच मी इथं ठेवून जातो." तर म्हणतो, "कारकुना, ते तव्याशिवाय चालत नाही, तवा पिकअपशिवाय बसत नाही, आणि पिकअप तुझ्या नावावर आहे. लिही की लाल शाईनं, आवश्यकता दिसून येत नाही!" आर्डिसनं सांगून ठेवलं होतं त्याला!

तेव्हा चला, निघतो. आज एक दहाला सामना आहे. सप्टेंबर संपला की मोकळाच… म्हणजे तसं वाटत होतं. पण काल बोर्गहिल्डबाईंनी खिडकीतून हाक मारून विचारलं, "व्हर्लिन, हिवाळ्यात यावर आइस हॉकीही लागते ना रे?"

वीस मिनिटांचं काम!